बाराव्या दिवसाचं झबलं

हातानं शिवायला घेतलेली भेट अर्धवट राहिली की लोक शिवणारीच्या आळसाला बोल लावतात. हा शुद्ध अन्याय आहे. आळशी माणूस मुळात कापड आणायलाच जात नाही. साताऱ्याच्या खणआळीत खण दाराशी उजेडात धरून बघायचा, अस्तराला मलमल घ्यायची, वर ‘असू दे’ म्हणून वीतभर जास्तीचं फाडून मागायचं, ही उद्योगी माणसाची लक्षणं झाली. माझ्या मते भेट पुरी होते की नाही, हे शिवणारीचा स्वभाव ठरवत नाही, पंचांग ठरवतं. पुरावा म्हणून बाळंतविडा घ्या. अनेक घरांत बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही शिवत नाहीत. पहिले दिवस थोरल्या भावंडांच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कपड्यांवर निघतात. बारसं मात्र बाराव्या दिवशी. म्हणजे कुंची, टोपडी, झबली, दुपटी हा सगळा जामानिमा मधल्या मोजक्या दिवसांत उभा करायचा, तोही घरात बाळंतिणीची गडबड चालू असताना. खरं तर इथंच काम रखडायला हवं. पण नाव ठेवायला आलेल्या आत्यानं एका बाहीचं झबलं पुढं केल्याचं ऐकिवात नाही. उलट ज्यांनी डोहाळजेवणाच्याही आधी हौसेनं विणायच्या सुया हाती घेतल्या, त्यांच्याकडे बारशाला एकच पायमोजा तयार असतो.

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकानं १९५५ साली ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात मांडलं, की जेवढा वेळ हाताशी असेल तेवढं काम फुगत जातं. त्याचा पहिला दाखला एका निवांत म्हातारीचा आहे. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात बाईंचा अख्खा दिवस जातो. कार्ड शोधायला तास, चष्मा शोधायला तास, आणि टपालपेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नको याचा विचार करायला वीस मिनिटं. बाईंनी कार्डाऐवजी दुपटं शिवायला घेतलं असतं, तर भाचीची मुलगी लग्नाला आली असती. घाईत शिवलेलं बेढब होतं, असा आक्षेप यावर निघेल. होतं की! पण झबलं घालणारा टाके तपासत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत ते त्याला आखूड होतं. प्रेमानं करायच्या गोष्टीला मुदत कसली, असंही कुणी विचारेल. प्रेमाला अंत नसतो, हे कबूल. विणकामालाही तो नसावा, असा काही नियम नाही.

खरा अडचणीचा आक्षेप वाकळीचा आहे. सातारा-सांगलीकडे लेकीला, नातवंडाला वाकळ शिवून देतात, तिला कसली तिथी नसते, तरी ती पुरी होते. मग पंचांगाचं काय? इथं वाकळ शिवतात कशी ते बघावं लागेल. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर अंथरायची, ताणून कच्चे टाके घालून ठेवायची आणि मग कडेपासून आत आत धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. म्हणजे न शिवलेला भाग राहतो तो ऐन मध्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. शिवाय ही अंथरलेली चीज आवरून ठेवायची सोय नाही; घडी घातली तर आतले थर सरकतात. सोपा अडलेला, जेवायला आत जायचं तर उडी मारून, पाव्हणा आला तर बसवायचा कुठं? मग घरातली माणसंच, एरवी ज्यांना सुईत दोरा ओवता येत नाही तीसुद्धा, काम कधी उरकतंय म्हणून पाठी लागतात, आणि शेजारच्या बायका एकेक बाजू धरून बसतात. भरतकामाचं तसं नाही. ते गुंडाळून पिशवीत जातं, पिशवी कपाटावर जाते, आणि जे काम एकदा पिशवीत मावलं ते संपलं! आणि वाकळीला तिथी नसते हेही अर्धसत्यच. उन्हाळ्यात, शेतातली कामं सरल्यावर शिवायला घेतलेल्या वाकळीला भादव्यात परीक्षा असते. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. माहुलीपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी वाकळा आपटल्या, तुडवल्या, पिळल्या जातात. नुसत्या कच्च्या टाक्यावरची वाकळ तिथं नेली, तर परत येताना बाईच्या हातात चार पिढ्यांच्या चिंध्या सुट्या सुट्या येतील, आणि तेही अख्ख्या गावासमोर.

तेव्हा हौशी मंडळींना माझा सल्ला व्यवहाराचा आहे. भेट पिशवीत ठेवू नका, जमिनीवर पसरा. आणि सुरुवात करायच्या आधी ज्याला द्यायची त्याला तारीख सांगून टाका, म्हणजे निदान लाज तरी कामाला येईल. आता आधीच कपाटावर जमलेल्या मालाचं काय, हा प्रश्न उरतो. त्याची सोय वाकळीतच आहे. आतल्या थरात काहीही खपतं: चोच भरायची राहिलेला पोपट, तीनच कोपरे झालेला टेबलक्लॉथ, दीड अक्षरावर थांबलेलं ‘सुस्वागतम्’. वरून अखंड लुगडं आलं की कुणाला पत्ता लागत नाही. फक्त पोपटातली सुई आठवणीनं काढून घ्यावी.