पार्टबदलू उस्तादांस अनावृत पत्र

सर्वसंशयनिवारक उस्ताद यांस,
सा. न. वि. वि.

गाडीचा एसी गार करत नाही म्हटलं की आपण कॉम्प्रेसर बदलता, तरी गार झालं नाही तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह, मग कूलिंग कॉइल, आणि बदलायला काही उरलं नाही की ‘या मॉडेलचं असंच असतं’ असा निकाल देता. या पद्धतीचा गुण असा की बिघडलेला पार्ट कधी ना कधी हाती लागतोच. तोवर धडधाकट पार्टांचेही पैसे वसूल होतात, हा दोष किरकोळच. ‘नवाकोरा टाकलाय, आता तिथे बघायलाच नको’ हे आपलं लाडकं वाक्य. पण पार्ट बसवायचा तर लाइन उघडावी लागते, आणि उघडल्या लाइनीत हवा शिरते, हवेबरोबर ओलावा. कॉम्प्रेसरचं तेल तो टिपून घेतं, ड्रायरमधले दाणे पिऊन तुडुंब होतात. ड्रायर जुनाच ठेवून पाच मिनिटांचा व्हॅक्यूम मारला, की आधी एक बिघाड होता तिथे दोन होतात. दुसरा खास आपल्या हातचा.

आपल्या भिंतीवर निळ्या-लाल घड्याळांचा गेज टांगलेला असतो. आपण तो जोडता, पण गॅस सोडण्यापुरता. बंद गाडीत, 30 अंशांच्या हवेत आर-134ए चं प्रेशर 95 पीएसआयच्या आसपास दिसतं आणि आपण ‘गॅस फुल्ल’ म्हणून मोकळे होता. आत थोडा जरी द्रव गॅस उरला असेल, तरी काटा तिथेच उभा राहतो. गॅस निम्मा आहे की पुरा, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तर तो वजनावर भरायचा, आणि किती ग्रॅम ते बहुधा बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. काटे बोलतात ते एसी चालू असताना. दोन्ही खाली, तर आधी गॅस कमी असल्याचा संशय. दोन्ही वर, तर गॅस जास्त, आत हवा, किंवा कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाही. हायवेला गार आणि सिग्नलला गरम असेल तर कंडेन्सरचा फॅन आणि त्याचा रिले आधी बघावा. निळा वर आणि लाल खाली असेल, तर कॉम्प्रेसर दाबतच नाही, मग तो काल खोक्यातून काढलेला का असेना. आणि दोन्ही काटे जागेवर असून डॅशबोर्डातून कोमट वारा येत असेल, तर हीटरची झडप अर्धी उघडी राहिलेली असू शकते. तिच्यापुढे कूलिंग कॉइल कितीदा बदलणार?

आपण म्हणाल, हे आकडे उन्हाप्रमाणे बदलतात. नागपुरातला मे महिन्यातला आकडा महाबळेश्वरला कसा लागू व्हायचा? नाहीच होणार. त्यासाठीच बाहेरचं तापमानही टिपायचं असतं. आपण असंही म्हणाल की कधी कधी तीन-चार पार्ट एकदम बदलावेच लागतात. मान्य. आतून झिजून जाम झालेला कॉम्प्रेसर लोखंडाचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा कीस पुढे ढकलतो, तो कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत अडकतो आणि धुऊन नीट निघत नाही. मात्र हे सुटलेल्या पाइपच्या तोंडाशी दिसतं: बोटावर घेतलेलं तेल काळपट आहे का, त्यात चंदेरी कण चमकतात का. तेवढं पाहून कंडेन्सर आणि ड्रायर मागितलेत, तर कोण नाही म्हणेल? राहता राहिला आपला खरा मुद्दा: गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, तपासणीचे देत नाही. इथे आपण बरोबर आहात आणि आम्ही कद्रू. हातात खोकं पडल्याशिवाय आम्हांला काम झाल्यासारखं वाटतच नाही, आणि ही आमची खोड आपण फार प्रेमाने जोपासली आहे.

तेव्हा पुढच्या बिलात एक ओळ तपासणीची लावा, हवी तेवढी दणकून. फक्त तिच्यासमोर बाहेरचं आणि डॅशबोर्डातल्या हवेचं तापमान, दोन्ही काट्यांचे आकडे आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम लिहा. जागा कमी पडल्यास ‘जय गणेश’ थोडं वर सरकवावं.

कळावे, लोभ असावा.
आपलं,
काच खाली करून फिरणारं गिऱ्हाईक