मूर्तींवरची रेघ

१९७७ साली डोनाल्ड कनूथ यांनी स्वतःच्याच ग्रंथाची नव्या तंत्राने जुळवलेली मुद्रितं पाहिली. ती त्यांना बघवेनात, तेव्हा स्टॅनफर्डचा हा प्राध्यापक अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला बसला. त्या ‘टेक’मधलं सगळ्यात लहान माप म्हणजे एका पॉइंटचा ६५,५३६वा हिस्सा. प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या सुमारे शंभरपट भरते. चूक झालीच, तर ती दिसायला उजेडही अपुरा!

एवढी अचूकता फुकट मिळते म्हटल्यावर एखाद्या सोसायटीचा हौशी चिटणीस वर्गणीचा तक्ता टेकवरच उभारलेल्या ‘लॅटेक’मध्ये करायला घेतोच. अनुक्रमांक, नाव, रक्कम, शेरा.

साध्या रकान्याचा नियम एकच: सगळ्यात लांब मजकूर जेवढा, तेवढी रुंदी. ओळ मोडायची नाही. चाळीस सभासदांचा शेरा कोरा आणि एकाचाच ‘पाण्याच्या पंपाचा वाद मिटेपर्यंत वर्गणी देणार नाही, असे तोंडी कळविले’. तक्ता समास ओलांडून कागदाबाहेर. टेक कळवतो, ८७.४१२०६ पॉइंट जास्त. उपाय सांगत नाही, पण दशांश स्थळं पाच देतो.

मग रुंदी बांधून द्यायची. शेरा चार ओळींत बसतो, पण दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या हट्टापायी शब्दांमध्ये भगदाडं पडतात आणि टेक स्वतःच ‘बॅडनेस १००००’ असा शेरा मारतो. याहून वाईट आकडा त्याच्याकडे नाही. शिवाय परिच्छेदाचा पहिला शब्द तोडायचा नाही, हा मूळ टेकचा दंडक. बांधलेल्या रकान्यातलं प्रत्येक घर म्हणजे एक परिच्छेद, त्यामुळे घरात एकटाच असलेला ‘पुनर्मूल्यांकनासंदर्भात’ अखंडच राहतो आणि शेजाऱ्याच्या हद्दीत घुसतो. जाणकार त्याच्याआधी शून्य पॉइंटांची मोकळी जागा सोडतात. दिसत काहीच नाही, पण शब्द आता तुटायला तयार!

उंचीचा कारभार वेगळा. प्रत्येक ओळीत शून्य रुंदीचा अदृश्य खांब असतो, ओळींमधल्या अंतराच्या सत्तर टक्के वर, तीस टक्के खाली. रोमन अक्षरं त्यात सुखाने नांदतात. ‘गणेशमूर्तींचा खर्च’ लिहिला की रफार, वेलांटी, अनुस्वार एकाच ठिकाणी गर्दी करतात आणि वरची रेघ त्यांना चिकटते. ओळींची उंची १.३ पट करावी, तर गरज नसलेल्या ओळीही उंचावतात आणि तक्ता दुसऱ्या पानावर सांडतो. तिथे लांब तक्त्याचं वेगळं पॅकेज लागतं. ते रुंदी एका बाजूच्या फाइलीत टिपून ठेवतं आणि बजावतं: रुंदी बदलली, पुन्हा चालवा.

तोवर तो सभासद वर्गणी भरून मोकळा होतो. शेरा खोडला की चार ओळींची एक होते, आणि तक्ता परत एका पानात मावतो.