इमान शेपटीवर बसलं

शाळेत मी कार्यानुभव शिकवतो. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर कसं करायचं हे आठवीच्या पोरांना गेली एकवीस वर्षं सांगतो आहे, आणि ती पोरं करतातही. सर, तुम्ही कधी केलंय का, असं एकाही पोट्ट्याने विचारलं नाही, म्हणून नोकरी सुरळीत चालली.

बायकोचे मामा अकोल्याला जठारपेठेत राहतात. तरुणपणी वायुसेनेत फिटर होते, पुण्याजवळ लोहगावच्या तळावर. 2025 च्या मे अखेरीस त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि घरात शाल, चांदीचा पेला आणि गणपतीची मूर्ती यांच्यात चुरस लागली होती. मामा गप्पांमध्ये नेहमी 'लिबरेटर' नावाच्या एका बॉम्बरचा विषय काढतात. मी बोलून गेलो, "मी त्यांना लिबरेटर करून देतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "दिवाळीत तुमी कंदील केला होता," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. बोलण्याची गरजही नव्हती, छताला अजून काळा डाग आहे.

मॉडेलच्या किटचं खोकं आलं. आत दोनशेच्या आसपास राखाडी तुकडे, काड्यांच्या चौकटीत अडकवलेले. प्रमाण 1:72. खऱ्या लिबरेटरचा पंखविस्तार 110 फूट, भागिले 72, म्हणजे दीड फूट. आमच्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईची विमानसेवा नुकतीच 16 एप्रिलला सुरू झाली होती आणि ते विमानही 'एटीआर 72'. मला हा शुभशकुन वाटला. कंदिलाच्या वेळीही एक झाला होता.

शिवाय मामांकडून ऐकलेली हकीकत डोक्यात होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी ही अमेरिकी विमानं कानपूरला टाकून दिली, तीही पुन्हा उडू नयेत म्हणून मोडतोड करून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून, याचा पंख त्याला, त्याचं इंजिन याला, असं करत चाळिसेक विमानं उभी केली. जेमतेम उडण्याजोगं झालं की जमशेद मुन्शी नावाचे वैमानिक ते डबडं बंगळूरला घेऊन जात. पुरती दुरुस्ती तिथे. 1948 मध्ये या विमानांचं स्क्वाड्रन उभं राहिलं आणि ती 1968 पर्यंत उडत राहिली. त्यांतलं एक पुढे इंग्रजांच्याच हवाई दलाच्या संग्रहालयात गेलं! लोकांनी भंगारातून खरं विमान केलं, तर मला नव्याकोऱ्या तुकड्यांचं खोटं का जमू नये, असा माझा सरळ हिशोब होता.

सूचनापत्रात शब्द नव्हते, नुसती चित्रं. नाकाच्या चित्राशेजारी वजनाच्या मापासारखी एक खूण आणि ग्रॅममध्ये आकडा होता. नाकाचं वजन तेवढं भरत असेल, माहिती म्हणून दिलं असेल, असं समजून मी पुढे गेलो. हे ध्यानात ठेवा.

किटचा गोंद सावकाश सुकतो. मला उशीर खपेना. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच रुपयांची ती इवलीशी ट्यूब आणली, नुसतं नाव काढलं तरी बोटं चिकटतात अशी. धडाचे दोन भाग क्षणात जुळले, आणि माझा डावा अंगठाही त्यांच्यात जुळला. तो सोडवल्यावर धडावर माझा ठसा राहिला, आधार कार्डावरही इतका स्पष्ट उमटला नव्हता. मग वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच त्याच ट्यूबने बसवली. सकाळी पाहतो तर काच पांढरीधोप, मोतीबिंदू झाल्यासारखी. ट्यूबमधल्या रसायनाची वाफ काचेवर बसते म्हणे. उपाय म्हणून बायकोचं नेलपॉलिश काढायचं पाणी कापसाला लावून घासलं. त्या पाण्याने प्लॅस्टिक विरघळतं. काच आता पांढरी राहिली नव्हती, आणि काचही राहिली नव्हती.

"काय करून राह्यले जी तुमी?" बायकोने दारातून विचारलं.

"मोहिमेवर गेलेलं दाखवतोय. काचेला गोळी लागली आहे."

"गोळी लागली का वितळली?"

पारा पंचेचाळीसवर, त्यामुळे कूलर बंद ठेवायची सोय नव्हती. चारपैकी एक पंखा, म्हणजे प्रोपेलर, मी चिमट्यात धरला आणि शिंकलो. तो टेबलावर पडला, कूलरच्या झोताने सरकत कुठे गेला ते कळलं नाही. दोन तास मी जमिनीवर पालथा होतो. शेवटी भाचीच्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून चौथा प्रोपेलर कापला. एका पात्यावर 'आहेर' हा शब्द राहिला, तो मी रंगाने झाकला.

अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यातून ऐन युद्धात जवळजवळ तासाला एक लिबरेटर बाहेर पडत होतं. तेवढं लांब कशाला, आमच्याच अमरावती-अकोला रस्त्यावर 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकून गिनीज बुकात नाव नोंदवलं गेलं. मला दीड फुटाला एकोणीस रात्री लागल्या.

त्याच विक्रमी रस्त्याने आम्ही निघालो. विमानाचं खोकं उघडंच, कारच्या मागच्या काचेखाली, लोकांना दिसावं म्हणून. मूर्तिजापूरला रसवंतीवर थांबलो. कार उन्हात होती आणि दुसरा ग्लास माझ्याच आग्रहाने घेतला. परत येऊन पाहतो तर डावा पंख उन्हाने लवला होता, थकलेल्या घारीसारखा. लिबरेटरचे पंख मुळातच लांब आणि चिंचोळे, डेव्हिस नावाच्या माणसाने आखलेले. पण त्याने ते वर उडण्यासाठी आखले होते.

जठारपेठेत घर भरलेलं. औक्षण झालं, केक झाला, मी पेढ्यांची ताटं बाजूला सारून विमान टेबलावर ठेवलं. लिबरेटरला पुढे नाकाखाली चाक असतं, त्यामुळे ते समोर तोंड करून ऐटीत उभं राहतं. माझं विमान क्षणभर उभं राहिलं, मग सावकाश मागे कललं, आणि शेपटी टेकून, नाक वर करून बसलं, भाकरीच्या तुकड्यासाठी कुत्रं बसतं तसं.

"बाप्पा!" मागून कुणीतरी म्हणालं. पोरं खिदळली. "अबे, इमान खाली बसलं!"

मामांनी चष्मा बदलला. विमान उचललं, कानाशी धरून हलवलं. "नाकात वजन नाई टाकलं, जावईबुवा?"

मला ते माप आठवलं.

मग त्यांनी पंखावरचं चक्र पाहिलं. बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा, असं पाहिजे. मी हिरवा बाहेर केला होता. त्यावर ते काही बोलले नाहीत. अंगठ्याच्या ठशावर मात्र त्यांनी स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. मग एक काडेपेटी मागवली, शेपटीखाली सरकवली, आणि म्हणाले, "राहू द्या इथंच."

आठ दिवसांनी फोन आला. आवाज ऐंशीचा वाटत नव्हता. "सारं उघडलं हो म्या. बिस्किटाच्या डब्यात हाय. नाकात सायकलचे छर्रे टाकले, पंख गरम पाण्यात धरून सरळ केला. एक प्रोपेलर कागदाचा लागून राह्यला. त्यावर काहीतरी लिवलेलं बी हाय. खरा कुठं हाय?"

मी फोन कानाला तसाच धरून कूलर बंद केला, जाळी काढली आणि टाकीत कोपरापर्यंत हात घातला.