पलासियात मुक्काम, दोन दिवस, एक पोट

इंदूर दोन दिवसांत उरकायला निघालेल्या मराठी पाहुण्यासाठी, त्यातही पुण्याहून येणाऱ्यासाठी, हे मार्गदर्शन आहे. असा पाहुणा येताना यादी करून आणतो: राजवाडा, लालबाग, काच मंदिर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, गांधी हॉल, प्रत्येकापुढे मिनिटं मांडलेली. ही यादी आल्याबरोबर घडी घालून पाकिटात ठेवावी. आमचं म्हणणं एवढंच की इंदूर घड्याळावर बघता येत नाही, भुकेवर बघावं लागतं. दोन खाण्यांच्या मधलं अंतर पायी तोडताना जे दिसतं, ते इथलं स्थलदर्शन. पोलंडमधल्या क्राकोवची गोष्ट निराळी. तिथल्या मोठ्या चौकात दर तासाला चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते, सूर मध्येच तुटतो, आणि झाडून सगळे पर्यटक माना वर करतात. इंदूरमध्ये सकाळी गाणं वाजवत येते ती कचऱ्याची गाडी, आणि मान खाली करायची असते, द्रोणात.

मुक्काम पलासियात करावा. हॉटेलं पुष्कळ आहेत, आग्रा-मुंबई रस्ता दारात आहे, हे सगळं खरं. पण खरं कारण असं की छप्पन दुकान ही खाऊगल्ली न्यू पलासियात आहे आणि सकाळी उपाशीपोटी रिक्षाचं भाडं ठरवण्याची वेळ कुणावर येऊ नये. सकाळ पोह्यांची. इथले पोहे कढईतून थेट बशीत येत नाहीत. खाली पाणी उकळत असतं, वर पोह्यांचा पिवळा ढीग वाफेवर बसलेला असतो, म्हणून दहाव्या गिऱ्हाइकालाही पहिल्याइतकेच मऊ मिळतात. आत बडीशेप, जराशी साखर. वरून कांदा, शेव, लिंबू आणि चिमूटभर जिरावन मसाला. शेजारी जिलबी. ती नंतर खायची गोड वस्तू नव्हे, एक घास पोह्यांचा आणि एक तिचा. या क्षणी पाहुण्याने एक वाक्य गिळायचं असतं: ‘आमच्याकडे वर ओलं खोबरं घालतात.’ यजमानाला ते ठाऊक आहे. त्याच्या पणजीच्या घरीही घालत असतील. तो फक्त मान हलवतो आणि तुमच्या बशीत आणखी शेव टाकतो.

यावर गंभीर प्रकृतीचा वाचक म्हणेल, ही खादाडी झाली; होळकरांचा इतिहास कुठे गेला? प्रश्न रास्त आहे, पण इतिहासाची इथली अवस्था लक्षात घ्या. राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत तो जळला आणि मागचा भाग पुढे नव्याने उभारावा लागला. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग बांधून घेतला. त्या काळात अख्ख्या देशात तसा आधुनिक राजवाडा शोधून सापडला नसता. आज तिथे केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे, आणि करवसुलीच्या जागी हौसेने जाणारा पर्यटक अजून जन्मायचा आहे. लालबाग सोमवारी बंद. म्हणजे इतिहास कुठे जळलेला, कुठे कचेरीत बसलेला, कुठे सुट्टीवर. सराफा बाजार मात्र रोज रात्री उघडतो. सोन्या-चांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांवर कढया चढतात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी उतरत नाहीत. साडेनऊच्या आधी जाऊ नये. शटरं बघून परत यावं लागतं. आणि सराफा राजवाड्याच्या अगदी पाठीशी असल्यामुळे भुट्ट्याचा कीस खायला निघालेल्या माणसाला राजवाडा चुकवायचा म्हटलं तरी चुकत नाही. उलट, दिवसा राजवाडा बघून परत पलासियाला आलेल्याला सराफा हमखास चुकतो. पुरावा याहून काय द्यायचा?

दुसरा आक्षेप शब्दांबद्दल असतो. शिकंजी मागितली तर लिंबाचं सरबत येत नाही, दाट, केशरी, सुकामेवा घातलेलं दूध येतं. साबुदाण्याच्या खिचडीवर शेव आणि जिरावन पडतं. अशा वेळी उपवासाचं शास्त्र काढू नये. गराडू हा कंद थंडीतच मिळतो. मे महिन्यात मागू नये. द्रोण संपला की डबा शोधावा: हे शहर स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिलं आलं आहे, आणि इथे ओला-सुका कचरा हा विनोदाचा विषय नाही.

आता सगळ्यात अवघड नियम, तोही पुणेकरांसाठीच. दुसऱ्या दिवशी दुपारी, दहीवड्यानंतर, पाहुणा प्रेमाने विचारतो, ‘तुम्ही इथे राहून मराठी इतकं छान कसं बोलता?’ विचारू नये हो! १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इथे आली. १९१७, १९३५ आणि २००१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं. त्या मराठीत हिंदीचं जिरावन पडलेलं असेल, पण पुण्याच्या मराठीत तरी इंग्रजीची शेव काय कमी आहे? इंदूरकर मात्र असलं काही तोंडावर बोलत नाही. ‘अजून एक घ्या’ म्हणतो. हा प्रश्न नसतो. नाही म्हणून बघितलेल्यांच्या पानात दोन पडतात.

लालबाग राहणार, हे गृहीत धरावं. निघताना यजमान शेवेचं पाकीट देतील, शिवाय जिरावनचं. शेव हातातल्या पिशवीत घ्यावी, सामानाखाली तिचा चुरा होतो. जिरावन दोन पिशव्यांत बांधावं. तरी कपड्यांना वास लागतोच. दोन धुण्यांत जातो.