निमित्तमात्र

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला फोन वाजतो. हॅलो नाही, कसा आहेस नाही, थेट प्रश्न येतो, "कळलं का?" आवाज असा की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. आपण चाचरत "काय झालं?" म्हणतो. पलीकडे जरा शांतता. मग,
"तुमच्या सोसायटीची लिफ्ट सुरू झाली म्हणे."
"हो, सकाळीच."
"अकरा दिवसांनी!"
"हो ना."
"मग? बसायला नको?"

हा निमित्ते. त्याचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता लग्नपत्रिकांपुरतं आणि विम्याच्या पावत्यांपुरतं उरलंय. पुण्यात आमच्या भागात तो निमित्ते म्हणूनच ओळखला जातो. असा एक निमित्ते प्रत्येक मित्रमंडळात असतो. तुमच्यात नसेल, तर एकदा आरशात बघून घ्या.

आपल्याकडे या विषयाला तीन क्रियापदं आहेत आणि तिघांची पत वेगवेगळी आहे. 'पितो' म्हटलं की माणूस कामातून गेलेला, बायको माहेरी आणि घड्याळ गहाण. 'घेतो' हा सभ्य. लग्न जमवताना मध्यस्थ हळूच सांगतो, "मुलगा कधीतरी घेतो, पण ते ऑफिसपुरतं." आणि 'बसतो' हा या दोघांच्या वरचा. बसण्यात दारूचा उल्लेखच नाही. माणूस नुसता बसतो, समोर काय ठेवलंय हा वेटरचा प्रश्न. निमित्ते आयुष्यात कधी प्यायला नाही आणि त्यानं कधी घेतलेलीही नाही. तो फक्त बसत आलाय.

त्याचं तत्त्वज्ञान सरळ आहे. विनाकारण पिणं हे व्यसन, कारणानं पिणं हा संस्कार. "मी कारणाशिवाय थेंबाला शिवत नाही," असं तो छातीवर हात ठेवून सांगतो, आणि ते अक्षरशः खरं आहे. फक्त कारण नाही असा आठवडा त्याच्या पंचांगात अजून उगवलेला नाही. मान्सून केरळात आला की बसायचं. तोच मान्सून पुण्यात आला की पुन्हा बसायचं, कारण केरळातला पाऊस हा अंदाज होता, हा प्रत्यक्ष. रूट कॅनाल नीट पार पडली, जुनी स्कूटर विकली गेली, पोराला बारावीत अपेक्षेपेक्षा कमी पडले पण शेजारच्यापेक्षा जास्त पडले, बस. आमच्यातल्या बँकवाल्याचं प्रमोशन हुकलं तेव्हा आम्ही गप्प होतो. त्याला काय बोलावं सुचत नव्हतं. निमित्तेनं पाठीवर थाप मारली, "अरे, बदली टळली! भंडाऱ्याला गेला असतास." बँकवाला स्वतःच म्हणाला, "खरंच की. आज माझ्याकडून."

मात्र दुःखाचं निमित्त तो घेत नाही. इथे तो कमालीचा कडक आहे. कुणाचं काही बिनसलं, घरात आजारपण असलं, तर तो टपरीवर नेतो आणि कटिंग पाजतो. यावर त्याचा मराठी रंगभूमीचा अभ्यास आहे. गडकऱ्यांचा सुधाकर वकिलीची सनद गेली म्हणून प्याल्याला लागला आणि संपला, तळीरामानं तर आर्यमदिरामंडळच काढलं. "दुःखावर बसलास की तू सुधाकर. संस्था काढलीस की तळीराम. आपण या दोघांच्या मधल्या बाकावरचे," असं तो सांगतो. संस्था काढायची नाही म्हणून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'भजनी मंडळ' आहे. ज्यांच्यापासून लपवायचं त्या चारही जणींना त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी कळला होता.

खरी कसोटी तारीख काढण्यात लागते. बँकवाल्याचा मंगळवार गणपतीचा. माझा गुरुवार दत्ताचा. आमच्यातल्या कॉन्ट्रॅक्टरचा शनिवार मारुतीचा, आणि मारुतीच्या बाबतीत तो सिमेंटच्या बाबतीत नसतो इतका प्रामाणिक आहे. सोमवार शंकराचा, तो कुणी पाळत नाही, पण सोमवारी बसणं बरं दिसत नाही. राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातून संकष्ट्या आणि एकादश्या वजा. एका एकादशीला कॉन्ट्रॅक्टरनं खडा टाकून पाहिला होता, "व्होडका बटाट्याची असते, उपासाला चालेल." निमित्तेनं ते उडवून लावलं. आपल्या देशात व्होडका बहुतेक करून धान्याच्या नाहीतर मळीच्या स्पिरिटपासून होते, बटाटा असलाच तर शेजारच्या बशीत वेफर म्हणून. नियम म्हणजे नियम. श्रावणात तर सगळाच बाजार बंद, म्हणून आषाढाची अमावस्या भरगच्च. त्या दिवशी घरोघरी समया घासून दीपपूजन होतं आणि बाहेर आमचे लोक गटारीला वेगळे दिवे लावतात.

आमचा परमिट रूम जुन्या वळणाचा आहे. ट्यूबलाइट, रेक्झिनची बाकं, आवाज बंद केलेला टीव्ही. एसी विभागात प्रत्येक बाटलीमागे थोडे जास्त पैसे, म्हणून आम्ही पंख्याखाली. बसल्याबरोबर फुकटचा चकणा येतो, उकडलेले चणे, काकडीचे चार काप, पापडाचे तुकडे. शेंगदाणा मसाला मात्र मागवावा लागतो, कांदा बारीक, लिंबू वेगळं.

मग बाटली येते. ६५० मिलीची, अंगाला घाम फुटलेली. निमित्ते आधी तिला हाताची पालथी बाजू लावून पाहतो, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. मनासारखी गार नसेल तर ती परत जाते. नंतर ग्लास तिरका, बाटलीचं तोंड काठाला टेकलेलं. बिअर काचेवरून घरंगळत उतरते, निम्म्यावर आली की ग्लास हळूहळू उभा होतो आणि वर दोन बोटं फेस धरतो. तिसरं बोट झालं तर तो हळहळतो. चौघांचे ग्लास भरले की तो अनामिका बुडवून टेबलाच्या कडेला तीन थेंब शिंपडतो. आजोबांनी मुंजीत शिकवलेली चित्राहुती त्यानं इतकी वर्षं टिकवली आहे, फक्त पान बदललं.

आणि तरीही कुणी ग्लासला ओठ लावायचा नाही. पूजेत संकल्प सोडावा तसं आधी निमित्ताचं वाचन होतं. "आज बुधवार. सोसायटीची लिफ्ट अकरा दिवस बंद राहून आज सकाळी पूर्ववत सुरू झाली. त्याबद्दल ही सभा समाधान व्यक्त करते." सूचक तो, अनुमोदक ज्याचं निमित्त असेल तो. त्यानंतर "चिअर्स" नाही, "चांगभलं!" एकदा कॉन्ट्रॅक्टरनं तहानेपोटी संकल्पाआधीच घोट घेतला. निमित्तेनं तो घोट बाद ठरवला. बाद म्हणजे नेमकं काय झालं हे आम्हाला कळलं नाही, पण कॉन्ट्रॅक्टर बराच वेळ खजील होता.

एवढं सगळं करून हा माणूस स्वतः किती पितो? एक बाटली. तीही शेवटाला ग्लासात चार बोटं कोमट होऊन पडलेली असते, कारण तोवर तो पुढच्या निमित्ताच्या मागे लागलेला असतो. त्याला बिअर चढलेली मी पाहिलेली नाही, निमित्त चढलेलं मात्र दर वेळी.

ऑक्टोबर सरताना त्याला विशेष भरतं येतं. त्याचं गाव उसाच्या पट्ट्यातलं, चुलते साखर कारखान्याचे सभासद. कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन झालं की इकडे फोन. ऊस, उसाची साखर, साखरेमागे उरलेली मळी, मळीची रम, असा तो वंशवृक्ष सांगतो. त्या दिवशी बिअर बंद, १९५४पासून चालत आलेली ओल्ड मंक. "आपण पीत नाही," तो गंभीरपणे म्हणतो, "सहकाराला हातभार लावतो."

एकदाच तो निष्प्रभ झालेला पाहिला. बँकवाल्याच्या मुलाला नोकरी लागली आणि त्यानं आम्हाला एका चकचकीत ठिकाणी कॉकटेल पाजायला नेलं. मेन्यू जाड, दिवे इतके मंद की तो वाचायला मोबाइल लावावा लागला. निमित्तेपुढे मोहितो आला, रम, लिंबू, सोडा, साखर आणि पुदिन्याचं झाडच. त्यानं तो नुसता हुंगून ठेवला. "पन्ह्यात पुदिना पडलाय." बँकवाल्याच्या ग्लासावर काचेचं झाकण होतं, ते उचललं तर आतून धूर निघाला, आणि कॉन्ट्रॅक्टर दचकून वायरिंग बघायला उठला. हे सगळं निमित्तेनं सोसलं. त्याला लागलं ते पुढचं. मुलानं "चिअर्स" केलं आणि तो प्यायलाही लागला. संकल्प नाही, सूचक नाही. "अरे, कशाबद्दल?" निमित्तेनं विचारलं. "असंच, अंकल. फ्रायडे आहे." परत येताना रिक्षात तो म्हणाला, "वार हे काय निमित्त झालं? वार काय, प्रत्येक दिवसाला असतो."

त्यापेक्षा गोव्यात तो खुलतो. मार्चमध्ये काजूची बोंडं पिकली की उराक निघतो, पहिल्या धारेचा, मे संपेपर्यंत. पुन्हा काढला की फेणी. लिंबाचा सोडा, मीठ, मधून चिरलेली हिरवी मिरची. निमित्त शोधावंच लागत नाही, उराक स्वतःच निमित्त. एकदा तिथे गेलो तर चार दिवसांत त्याला काहीच काम उरलं नाही आणि तिसऱ्या दिवशी तो थोडा कंटाळला होता, हे त्यानं कबूल केलेलं नाही.

आता त्याच्या घटनेतलं मुख्य कलम. निमित्त ज्याचं, बिल त्याचं. लिफ्ट माझ्या सोसायटीची, म्हणून त्या बुधवारचं बिल मी भरलं. निमित्ते विम्याचा एजंट. आमच्या जन्मतारखा, बायकांच्या, पोरांच्या, गाड्यांच्या नोंदणीच्या, सगळ्या त्याच्या डायरीत. माझ्या गाडीला पाच वर्षं झाली हे मला त्याच्याकडून कळलं, बिल आल्यावर. पण त्याचं स्वतःचं निमित्त? लग्नाच्या वाढदिवसावर पहिला हक्क बायकोचा. आणि जन्मतारीख २ ऑक्टोबर. अख्ख्या देशात ड्राय डे! माणूस जन्माला येतानाच बिल चुकवून आला होता. एक तारखेला किंवा तीन तारखेला बसू म्हटलं तर म्हणायचा, "तिथी चुकते."

तेव्हा मागच्या वर्षी आम्ही तिघांनी त्याच्यावर संशोधन केलं. महाराष्ट्रात अजून १९४९चा दारूबंदी कायदा आहे. म्हणजे दारूबंदी आहे, फक्त परवाना घेतला की ती आपल्यापुरती उठते. परवाना एका दिवसाचा पाच रुपयांचा, वर्षाचा शंभराचा, आजीवन हजाराचा. आम्ही तिघे एका दिवसाच्या परवान्याचे गडी. निमित्तेकडे मात्र आजीवन परवाना, लॅमिनेट केलेला, आधार कार्डाच्या मागच्या कप्प्यात. कुणी न विचारता तो तो दाखवतो, कारण कायद्यानुसार परवानाधारक दारू घेतो ती प्रकृतीच्या जतनासाठी. "हे बघ, सरकार म्हणतंय. डॉक्टर बोलतो ते त्याचं वैयक्तिक मत."

एकदा असाच दाखवत असताना बँकवाल्यानं त्यावरची तारीख वाचून घेतली. बँकवालाच तो. पाच महिने तारीख पोटात ठेवली आणि त्या दिवशी साडेपाचला त्यानंच फोन लावला. "कळलं का?"

निमित्ते धापा टाकत आला. ग्लास भरले, चित्राहुती झाली, आणि तो सवयीनं बोलायला उठणार तोच कॉन्ट्रॅक्टरनं त्याला खाली बसवलं. बँकवाल्यानं वाचलं, "आज शुक्रवार. आपले मित्र निमित्ते यांच्या आजीवन परवान्यास आज दहा वर्षं पूर्ण होत आहेत. ही सभा त्यांच्या प्रकृतीच्या दहा वर्षांच्या जतनाबद्दल त्यांचं अभिनंदन करते. अनुमोदक म्हणून त्यांनी..."

निमित्तेनं बचाव केला. परवाना सरकारनं दिलाय, निमित्त सरकारचं, बिल उत्पादन शुल्क खात्याला पाठवा. सभेनं ते आवाजी मतदानानं फेटाळलं. मग तो बराच वेळ ग्लासाकडे बघत बसला आणि त्या संध्याकाळी, पहिल्यांदाच, त्यानं बाटली तळापर्यंत संपवली. वरून एक सुरमई तव्याचीही मागवली. माझ्या लिफ्टच्या वेळी फुकटच्या चण्यांवर भागवलं होतं.

काळ्या रेक्झिनच्या पाकिटात, बडीशेप आणि खडीसाखरेबरोबर बिल आलं. त्यानं ते खालून वर, वरून खाली वाचलं, पापडाची एक प्लेट जास्त लागली होती ती कमी करून घेतली, नोटा मोजून ठेवल्या, वेटरला टीपही दिली. आणि बिलाची चार घड्यांची चिठ्ठी करून आधार कार्डाच्या मागच्या कप्प्यात, परवान्याला लागून सरकवली.

"ते कशाला रे?" मी विचारलं.

"तारीख लागेल ना," निमित्ते म्हणाला. "पुढच्या वर्षी याच दिवशी मी बिल भरल्याला एक वर्ष होईल. पण ते मला भरायला लावलं तुम्ही. म्हणजे निमित्त तुमचं."