आमच्या साडूंची हद्दमोजणी

भूमिअभिलेख खात्यात उभी हयात मोजणीची साखळी ओढण्यात घालवून सन्मानपूर्वक निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या हाती उतारवयात कॅमेरा पडला, म्हणजे त्याला कलावंत म्हणावे की पंचनामा करावयास आलेला अंमलदार, याचा निर्णय आम्हांस आजतागायत करता आलेला नाही. आमचे साडू छायाचित्र घेतात ते एखाद्या दृश्याने चित्त वेधले म्हणून नव्हे, तर ते दृश्य अमुक दिवशी अमुक ठिकाणी समक्ष हजर होते याचा पुरावा दप्तरी असावा म्हणून. प्रत्येक चित्रासाठी त्यांच्या वहीत मौजे, तालुका व जिल्हा असे रकाने आखलेले असून त्यांखाली पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस व उत्तरेस काय आहे याची चतुःसीमा लिहावी लागते. ती पुरी झाल्यावाचून पुढल्या चित्रास मंजुरी मिळत नाही. चांद्याचा परकोट, बल्लारपूरचा किल्ला आणि मार्कंड्याची देवळे ही प्रकरणे अशा रीतीने निकालात निघाल्यावर त्यांची दृष्टी दक्षिणेकडील अरण्याकडे वळली, आणि केवळ नात्याच्या भिडेस्तव आम्ही त्यांच्यासमवेत हेमलकशास येऊन दाखल झालो.

ज्या ठिकाणी २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला, आणि जेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने तो आयुष्य वेचून वाढविला, तेथे मनुष्य जातो तो सेवाकार्याच्या दर्शनास. आमचे साडू गेले, कारण नकाशावर ते गाव त्यांच्या नियोजित स्थळांच्या बरोबर वाटेवर पडत होते. रुग्णालय व शाळा त्यांनी आदराने पाहिली, परंतु अनाथ वन्यप्राण्यांच्या निवाऱ्यात बिबळ्यापुढे उभे असता त्याच्या पूर्वेस आपण स्वतःच मोडतो हे ध्यानात येताच ती नोंद त्यांनी मोघम ठेवली.

जीप हाकणारा तरुण माडिया होता आणि त्याचे मराठी आमच्याहून मोजके होते. गाव सोडून थोडे गेलो नाही तोच पर्लकोटा नदीचा पूल लागला. पावसाळ्यात या नदीस पूर आला की पलीकडचे भामरागड, तालुक्याचे ठिकाण असूनही, साऱ्या जगापासून तुटते. पुलाचे चित्र उत्तम आले. मात्र त्यात जवळच्या पोलीस ठाण्याच्या कुंपणाचा एक कोपरा आल्यामुळे एका शिपायाने अत्यंत सभ्यपणे ते पुसून टाकावयास लावले, आणि साडूंनी वहीत 'फेरफार रद्द' असा शेरा मारून खाली तारीख घातली.

भामरागडास त्यांच्या मते गड असणे प्राप्त होते. तो कोठे दृष्टीस पडेना, तेव्हा त्यांनी आपला सारा भार त्रिवेणी संगमावर टाकला. येथे पर्लकोटा आणि पामुलगौतम या दोन नद्या इंद्रावतीस मिळतात. पाहणाऱ्यास मात्र दिसते ते एक विस्तीर्ण, शांत, हिरवट पाणी, काठचे खडक, आणि पलीकडे छत्तीसगडातले तितकेच हिरवे जंगल. साडूंना तिन्ही नद्या एकाच चित्रात, परंतु ज्याची त्याची हद्द कायम राखून हव्या होत्या. डोंग्यात बसलेल्या नावाड्यास त्यांनी विचारले,

"पामुलगौतम नेमकी कोठे संपते हो?"

"उन्हाळ्यात इथंच संपते जी," तो म्हणाला, "पावसाळ्यात मात्र बाजारात संपते."

हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहावे याचा विचार साडू बराच वेळ करीत उभे राहिले.

परतीच्या वाटेवर ताडगावच्या दिशेने जात असता एका गावाबाहेर झाडीच्या कडेला उभ्या दगडांची एक रांग दिसली, काही गुडघ्याएवढे, काही पुरुषभर उंच. साडूंचा चेहरा एकदम उजळला. सकाळपासून ज्या मुलखाने त्यांना एकही रेषा दिली नव्हती, त्याने अखेर हद्दीचे दगड दाखविले होते! गाडी उभी करवून ते लगबगीने उतरले आणि सर्वांत उंच दगडाच्या पाठीमागे वाकून त्यावर कोरलेला क्रमांक शोधू लागले.

"ते हद्दीचे नाहीत जी," चालक मागून म्हणाला. "आमची माणसं हायत. हा माझा आजा."

माडिया लोकांत मृताच्या स्मरणार्थ असा दगड उभारण्याची चाल आहे. अभ्यासक या शिळांस महापाषाणयुगाच्या परंपरेत बसवितात; परंतु महापाषाणयुग ज्या प्रदेशात अद्याप समाप्तच झालेले नाही, तेथे अभ्यासकाने कोणत्या काळाचे क्रियापद वापरावे याची आम्हांस नेहमी चिंता वाटते.

"आणि यावर क्रमांक नाही?"

"नाव हाये जी. लिहून नाही राहत."

साडू ताडकन् सरळ झाले, टोपी काढली, आणि चालकाने सुचविल्यावरून त्या वृद्धास त्यांनी यथाविधी 'जोहार' केला. छायाचित्र घेतले नाही, कारण हितसंबंधितांस नोटीस बजावली नव्हती आणि गावातील मंडळी रानात गेलेली होती. पण वहीतली नोंद आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे: 'पूर्वेस सडक, दक्षिणेस मोहाचे झाड, पश्चिमेस ओढा, उत्तरेस चालकाचे आजोबा.' आमच्या मते साऱ्या सफरीत चतुःसीमा अचूक लिहिली गेली ती ही एवढीच.

आलापल्लीच्या अलीकडे 'वनवैभव' नावाचा सुमारे सहा हेक्टरांचा राखीव तुकडा आहे, जेथे कुऱ्हाडीला मज्जाव करून नैसर्गिक अरण्य जसेच्या तसे जपलेले असून, २०१४ साली त्यास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जाही मिळाला आहे. ज्या मुलखातले सागवान सबंध देशात नावाजलेले, त्या मुलखात हे साग न तोडता ठेवले, यात खात्याचे औदार्य की पश्चात्ताप, हे ज्याचे त्याने ठरवावे. साडूंपुढे प्रश्न निराळाच होता. बुंधा चित्रात आला की शेंडा हद्दीबाहेर जाई, शेंडा धरला की बुंधा बेवारस होई. अखेर वाळल्या पाचोळ्यात ते उताणे निजले, आणि त्या अवस्थेत त्यांना पाहून धावत आलेल्या वनरक्षकाने "तब्येत बरी हाये ना जी?" अशी पृच्छा केली. शेवटी एका झाडाची तीन चित्रे घेऊन त्यांची पोटहिस्सा एक, दोन व तीन अशी विभागणी करण्यात आली.

अहेरीस पोहोचावयास दुपार कलली. आत्राम घराण्याची ही जमीनदारी जुन्या चांदा जिल्ह्यात सर्वांत मोठी. सत्तावन्नच्या बंडात मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाक्यांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले तेही येथील जमीनदारीण लक्ष्मीबाईंनीच, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. राजवाडा मात्र निमूटपणे चौकटीत आला, व त्यामुळेच असेल, साडूंनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

प्राणहितेच्या काठी त्यांची खरी पंचाईत झाली. पैलतीरी काय लिहावे? त्यांच्या वडिलांच्या वेळी तेथे निजामाचा अंमल, त्यांच्या नोकरीत आंध्र प्रदेश, आणि २०१४ पासून तेलंगण. भामरागडासमोरचा काठही बस्तर संस्थानातून मध्य प्रदेशात आणि २००० साली छत्तीसगडात गेला. इतकेच कशास, आम्ही उभे होतो तो ऐलतीरसुद्धा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून निघून गडचिरोलीत दाखल झालेला. नद्या जागच्या जागी, आणि फेरफार एवढे! साडूंनी तो रकाना पेन्सिलीने भरला. हा मान आजवर कोणत्याही मिळकतीस मिळाला नव्हता.

टपरीवर चहा घेताना आमच्या तोंडून सहज निघून गेले की इंद्रावती पुढे सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीस मिळते. साडूंनी पेला खाली ठेवला.

"म्हणजे सकाळी ज्या पाण्याची नोंद केली, तेच पाणी सोमनूरला पुन्हा दाखल होणार? अहो, एकच मिळकत दोन ठिकाणी चढली तर उद्या तंटा उभा राहील. सोमनूरला जाऊन खातरजमा केलीच पाहिजे. उद्या पहाटे निघू."

चालकाने उरलेला चहा संपविला आणि विचारले, "पण साहेब, पाणी आपल्या आधी पोचलं तर?"

तेव्हा रात्रीच निघावे काय, याचा साडू मनापासून विचार करू लागले.