ग्रुपवर फोटो टाकण्याचे शास्त्र : खास हुपरीकरांसाठी

पैंजणांचे नमुने घेऊन देशभर फिरणाऱ्या हुपरीच्या माणसाने प्रवासाचे फोटो टाकायचे नाहीत तर कुणी टाकायचे? त्यात फोटो हा मूळचा चांदीचाच धंदा. 1839 साली पॅरिसात जाहीर झालेली दगेरची पद्धत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चालायची. पुढे फिल्मच्या रोललाही चांदीचेच क्षार लागत. मोबाइलने तो खर्च वाचवला आणि एका सहलीचे साठ-साठ फोटो ग्रुपवर कोसळू लागले.

सुरुवात खिद्रापूरपासून करावी. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात रंगशिलेवर उभे राहून मान मोडेपर्यंत वर पाहावे आणि छताच्या उघड्या गोलाचा फोटो घ्यावा. हाच फोटो कालच तिघांनी टाकलाय, म्हणून बिचकू नये. मंडपाचे 48 खांब आणि बाहेरच्या भिंतीतले हत्ती बघत बसल्यास टाकायला उशीर होतो. (त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या गोलात येतो. खाली इतके मोबाइल वर झालेले असतात, की दर्शन नेमके कोण कुणाचे घेतो, कळत नाही.)

पट्टणकोडोलीच्या यात्रेत लेन्स पुसू नये. काचेवरचा भंडारा हाच पुरावा. दाजीपूरच्या जंगलाचा हिरवा रंग मात्र इतका चढवावा, की गव्यालाही वाट सापडू नये. खाली ‘नाद खुळा’ आणि ‘भावा, विषय हार्ड’ आले की काम फत्ते. ‘कुठलं हाय हे?’ असे कुणी विचारलेच, तर अंगठा दाखवून गप्प बसावे.

शेवटचा धडा राधानगरीचा. पाऊस लागला की धरणाच्या स्वयंचलित दरवाजांचा फोटो टाकावा. गेल्या सालचा असला तरी चालतो. पाणी तेवढेच पांढरे दिसते. तो पाहून भोगावती-पंचगंगेच्या काठावर कुणी रात्रीत गोठ्यातली जनावरे सोडायला घेतली, तर तो त्याचा प्रश्न. टंच काढल्याशिवाय चांदी हातात न घेणारा आपला माणूससुद्धा फॉरवर्ड आलेला फोटो डोळे झाकून घेतो आणि पुढच्या चार ग्रुपवर खपवतो.

बाकीचे धडे पाळा, न पाळा. धरणाच्या आणि पुराच्या फोटोखाली मात्र तारीख, वेळ आणि किती दरवाजे उघडे आहेत, एवढे लिहाच. ते माहीत नसेल तर टाकू नका.